‘आजी, तू प्रत्येक वेळी असंच करतेस’

प्रिय काकू,

तुमचं पत्र चार पानी, आणि त्यातली तीन पानं नुसती पुस्तकं, नाटकं आणि सिनेमांची. तक्रार फक्त शेवटच्या पानावर. म्हणून आधी बाकीच्या वाचकांना थोडक्यात सांगते. काकूंचं वय 63. साताऱ्यात पोस्टात नोकरी झाली. काका दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून काकू पुण्याजवळ वाकडला मुलाकडे राहतात. दोघं नवराबायको जन्मभर वाचणारे, शाहू कला मंदिरात दौऱ्याचं नाटक आलं की सहसा न चुकवणारे, आणि एखाद्या पुस्तकावर सिनेमा निघाला की तो बघून घरी पोचेपर्यंत भांडणारे. मुलगा-सून दोघं आयटीत, नात नववीत. मागच्या महिन्यात नातीनं मोबाईलवर ‘शाळा’ सिनेमा बघितला, तिला तो जाम आवडला, ती धावत आजीकडे सांगायला आली आणि काकू म्हणाल्या, "अगं, पुस्तकाच्या पासंगालाही पुरत नाही तो, आधी पुस्तक वाच आणि मग बोल." नात म्हणाली, "आजी, तू प्रत्येक वेळी असंच करतेस," आणि खोलीचं दार लावून घेतलं. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, प्रत्येक गोष्टीत तुझी पुस्तकं आणू नकोस ना." काकूंचा प्रश्न असा की मी आता माझी आवड माझ्यापाशीच ठेवून गप्प बसायचं का.

नाही काकू, अजिबात गप्प बसायचं नाही. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला तुम्हालाच परत वाचून दाखवायची आहे, कारण उत्तर तिच्यातच आहे असं मला वाटतं.

दुसऱ्या पानावर तुम्ही ‘नटसम्राट’बद्दल लिहिलंय. 2016 च्या जानेवारीत सिनेमा आला, तुम्ही दोघं बघायला गेलात आणि तुम्ही चिडलात, कारण विक्रम गोखल्यांनी केलेला तो रामभाऊ शिरवाडकरांच्या नाटकात नाहीच, तो सिनेमासाठी नवीन लिहिलेला. तुमचं म्हणणं, आप्पासाहेब बेलवलकर एकटा पडलेला माणूस आहे, त्याला मित्र दिलात की त्याचं एकटेपण पातळ होतं. आणि काकांचं म्हणणं, अगं नाटकात आप्पा समोरच्या प्रेक्षकांशी बोलतो, सिनेमात तो कोणाशी बोलणार, त्याला कोणीतरी ऐकणारं पाहिजे म्हणून रामभाऊ आणलाय, आणि हॉस्पिटलमधला तो कर्ण-कृष्णाचा प्रसंग या दोघांशिवाय झाला असता का. तुम्ही लिहिलंय की हे भांडण आठ दिवस चाललं आणि तुम्ही दोघंही शेवटपर्यंत हटला नाहीत. तो सगळा परिच्छेद इतका आनंदानं लिहिलाय तुम्ही! मला तर काका दिसलेच.

आता बघा, काकांचं मत तुमच्या एकदम विरुद्ध होतं, त्यांना तो बदललेला सिनेमा आवडला होता, आणि त्याचं तुम्हाला वाईट वाटलं नाही, उलट मजा आली. नातीलाही सिनेमाच आवडला होता. तिच्याशी मात्र भांडणसुद्धा झालं नाही, तिला थेट ‘आधी वाच मग बोल’. म्हणजे काकांना वेगळं मत ठेवायची मुभा होती आणि तिला तोंड उघडायच्या आधी परीक्षा द्यायची होती. काकू, मी हे दुखवायला लिहीत नाहीये. तुमचं तिच्यावर किती प्रेम आहे ते कळतंय, आणि स्वतःला जे एवढं आवडलं ते तिला मिळावं हीच तुमची धडपड आहे. पण ती तुमच्याकडे धावत आली होती हो. नववीतली मुलगी, आईबाबांकडे नाही, मैत्रिणीकडे नाही, एक मराठी सिनेमा आवडला म्हणून आजीकडे धावत आली. ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि ‘पुस्तकात असं नाहीये’ हे वाक्य खरं असलं तरी त्यानं फार काही कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तकात असं नसणारच. तुमचा लाडका ‘सिंहासन’ घ्या, तुम्हीच लिहिलंय की कितीतरी वेळा बघितलाय. तो अरुण साधूंच्या एका कादंबरीवर नाहीच, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 मध्ये सिनेमा केला. दोन जाड पुस्तकं दोन-अडीच तासांत बसवायची म्हणजे किती माणसं, किती प्रसंग बाहेर ठेवावे लागले असतील. पण निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस बघताना आपण मनात पानं मोजत बसतो का? शेवटी तो ज्या तऱ्हेनं हसत सुटतो ते बघितल्यावर पुस्तकात नेमकं काय होतं हा प्रश्न त्या वेळी तरी डोक्यात येत नाही. ‘जोगवा’चंही तसंच, राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्यांवरनं उचललेला. आणि ‘उंबरठा’ तर माझ्या अगदी जवळचा. ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ गुणगुणणाऱ्या कितीजणांना माहितीये की हा सिनेमा शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आहे? खूप कमी. पण ज्यांना माहितीये त्यातल्या बऱ्याच जणांना ते सिनेमामुळेच माहितीये. सिनेमा बघून पुस्तकाकडे जायचा रस्ता काही कमीपणाचा नाही.

‘शाळा’बद्दल थोडं जास्त बोलते कारण मुद्दा तिथलाच आहे. मिलिंद बोकिलांची कादंबरी मुकुंद जोशीच्या तोंडून आहे. 1975 ची आणीबाणी, नववीचा वर्ग, बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये जमणारी ती मित्रांची टोळी, आणि मुकुंदला आवडणारी वर्गातली शिरोडकर. पुस्तकात आपण पूर्णवेळ त्या पोराच्या डोक्यात बसलेलो असतो, तो वरकरणी एक बोलतो, मनात दुसरंच चाललेलं असतं आणि आपल्याला दोन्ही ऐकू येतं, सगळी गंमत तिथे आहे. सिनेमाला ते जमत नाही, त्याला चेहऱ्यावर भागवावं लागतं. मग अंशुमन जोशीचा नुसता बघत राहिलेला चेहरा येतो, केतकी माटेगावकरचं ते अर्धवट हसणं येतं. तुम्हाला पुस्तकातलं मनातलं बोलणं हरवल्यासारखं वाटलं, बरोबर आहे. पण तुमच्या नातीला ती शांतताच आवडली असेल तर? ती आत्ता स्वतः नववीत आहे काकू! त्या वयात मनातलं कोणी बोलून दाखवलेलं चालत नाही. हे मी अंदाजानं म्हणतेय, खरं काय ते तिलाच विचारायला पाहिजे, आणि तेच राहून गेलंय.

तर पहिलं काम हे. तिच्याकडे जा आणि म्हणा, मला परत बघायचाय तो, माझ्याबरोबर बघशील का. मोबाईलवर नको, टीव्हीवर लावा. आणि बघताना एक शब्द बोलू नका. जड जाईल, माहितीये, पण नाही म्हणजे नाही. संपल्यावर तिला विचारा की तुला सगळ्यात काय आवडलं, आणि ती जे सांगेल त्यावर अजून एक प्रश्न विचारा, तुमचं मत त्यानंतर. मुकुंदच्या नरूमामाचं घरातलं ते वागणं-बोलणं तुम्हाला पुस्तकात जास्त आवडतं असं लिहिलंय ना, ते सांगा की तिला, पण ‘पुस्तकात जास्त चांगलंय’ म्हणून नाही, ‘पुस्तकात हा मामा अजून काय काय म्हणतो ठाऊके?’ असं. आणि याच कादंबरीवरनं सिनेमाच्याही आधी ‘गमभन’ नावाचं नाटक झालं होतं हेही सांगा, मुलांना अशा गोष्टी ऐकायला आवडतात, एकाच गोष्टीची तीन रूपं. पुस्तकाचा शेवट मात्र तिनं विचारला तरी सांगू नका.

अजून एक गोष्ट आहे जी तुमच्या पत्रात ओझरती आलीये आणि मला वाटतं खरी मेख तिथेच असावी. नात इंग्लिश मीडियमला आहे. तुम्ही लिहिलंय की ती मराठी ‘छान बोलते’. बोलते, पण सलग अडीचशे-तीनशे पानं मराठी वाचू शकते का? बऱ्याच मुलांना मराठी वाचता येतं पण वेग नसतो, जोडाक्षरावर अडखळतात, दोन पानांत दमतात आणि त्याची त्यांना आतून लाज वाटते, मग ते ‘बोअर आहे’ म्हणून मोकळे होतात. अशा मुलीला ‘आधी वाच मग बोल’ म्हटलं की तिला ते ‘तुला जमत नाही’ असंच ऐकू जातं. म्हणून वाचून दाखवा! तुमचं मोठ्यानं वाचणं चांगलं असणार, तुम्ही काकांना शेवटच्या आजारपणात रोज वाचून दाखवत होतात. झोपायच्या आधी दहा मिनिटं, मुलांच्या गप्पांचा एखादा तुकडा घ्या, वर्णनाचा नको. रोज नको वाटलं तिला तर शनिवार-रविवार. आवडलं तर ती स्वतःच विचारेल पुढे काय झालं, आणि मग पुस्तक तिच्या टेबलावर ठेवून द्या. परत मागू नका, कुठपर्यंत आलीस म्हणून विचारू नका.

तुम्ही तिला ‘श्यामची आई’ द्यायचं ठरवलंय, ते मी थोडं लांबवेन. माझं स्वतःचं अत्यंत आवडतं पुस्तक, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये लिहिलेलं, आणि अत्र्यांनी त्यावर काढलेल्या सिनेमाला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हे सगळं खरं. पण आजीनं नातीला रागावल्यावर लगेच ‘श्यामची आई’ हातात दिलं तर तिला ते संस्कारवर्ग वाटेल, आणि त्या पुस्तकावर तो अन्याय आहे. त्यापेक्षा ‘कट्यार काळजात घुसली’ लावा. दारव्हेकरांचं 1967 चं नाटक आणि 2015 चा सिनेमा, गाण्यांमुळे घरातले सगळेच बसतील. आणि मग वसंतराव देशपांड्यांचं ‘घेई छंद मकरंद’ ऐकवा आणि सिनेमातलंही ऐकवा, आणि तिला कुठलं आवडलं विचारा. तिनं सिनेमातलं म्हटलं तर काकांशी भांडला असतात तसं खुशाल भांडा. तेव्हा ती दार लावून घेणार नाही बघा.

आता मुलाबद्दल. तो जे बोलला ते मला आवडलं नाही, सगळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर आईला असं गप्प करायचं नसतं. पण तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत, उठून गेलात, आणि त्याला कळलंच नसेल की त्याचं बोलणं कुठे लागलं. त्याला एकट्याला गाठून सरळ सांगा की बाबा गेल्यापासून माझ्याशी या विषयावर बोलणारं माणूस उरलेलं नाही, म्हणून मी तुमच्याशी बोलते आणि कधीकधी जास्त बोलते. एवढंच सांगा. रडू आलं तर येऊ द्या. आणि त्याच दिवशी हेही सांगा की साताऱ्याहून आणलेली पुस्तकं जी लॉफ्टवर बांधून पडलीयेत ती खाली हवी आहेत आणि हॉलमध्ये एक कपाट हवंय, तुमच्या खोलीत नको, हॉलमध्येच. मागून घ्या हे, तो तुमचा हक्क आहे. आणि ते ‘नटसम्राट’वरचं भांडण त्याला आठवतंय का विचारा. त्यानंही ते कधीतरी ऐकलं असेल. त्याच्याकडे काकांचं एखादं वाक्य असू शकेल जे तुमच्याकडे नाही.

पण घरातल्या तिघांवर हे सगळं टाकू नका काकू. काकांबरोबर तुम्ही अर्धं वाक्य बोललात तरी पुढचं त्यांना कळायचं, कारण तीच पुस्तकं, तीच नाटकं, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून बघितलेली. मुलगा-सून कितीही चांगले असले तरी ते त्यांना कसं येणार. त्यासाठी तुमच्याच वयाची, तुमच्याइतकंच वाचलेली माणसं लागतात आणि ती वाकडमध्ये नक्की आहेत. तुमच्या सोसायटीत तुमच्यासारख्याच मुलांकडे येऊन राहिलेल्या, गाव सोडून आलेल्या किती बायका असतील, दुपारभर घरी एकट्या. लिफ्टजवळच्या बोर्डावर चिठ्ठी लावा, अमुक दुपारी ‘उंबरठा’ एकत्र बघू या, चहा माझ्याकडे. चार जणी आल्या तरी भरपूर. आणि तो संपल्यावर त्यातल्या नायिकेनं, सुलभा महाजननं घर सोडलं ते बरोबर की चूक एवढंच विचारा, संध्याकाळच्या स्वयंपाकाला उशीर होईल हे मी लिहून देते. आणि चिंचवडला रामकृष्ण मोरे सभागृहात नाटकं लागत असतात, रविवारच्या पुरवणीत जाहिरात बघत जा, त्यांच्यातल्याच एखादीला घेऊन जा, रिक्षा अर्धी-अर्धी.

‘बेघर’ मात्र त्या बायकांना आधी देऊ नका. सिनेमा बघून झाल्यावर कोणीतरी स्वतःहून मागेल, तिला पहिली द्या.

तुमची,
ताई