विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्या पीएचडी विद्यार्थ्याने कार्यशाळा कशी निवडावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पीएचडीचं दुसरं वर्ष सुरू आहे. काम साथीच्या रोगांच्या गणिती मॉडेलचं, पण त्यासाठीची आकडेवारी जुन्या मृत्यूनोंदींतून काढावी लागते. गणितवाल्यांना त्या नोंदींत रस नाही, इतिहासवाल्यांना समीकरणांत नाही. आंतरविद्याशाखीय कार्यशाळांना जावंसं वाटतं, पण गाईड म्हणतात, "आधी प्रबंधाचं बघा." शिवाय स्वतःच असा एखादा गट सुरू करावा का, हेही तुम्ही विचारलं आहे.

माझं मत विचाराल तर जरूर जा. पण गाईडचं म्हणणंही धुडकावून लावू नका, कारण अशा कार्यशाळांपैकी बऱ्याच खरोखरच वेळखाऊ असतात. एकामागून एक सादरीकरणं, प्रत्येकानंतर दोन-चार प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. अशा ठिकाणी वेगवेगळ्या विषयांची माणसं एका खोलीत बसतात आणि जशी आली तशीच परत जातात. म्हणून मी विषयाआधी वेळापत्रक पाहतो. सहभागींच्या अर्धवट कामावर बोलायला किती वेळ ठेवला आहे, हे त्यातून लगेच कळतं.

शिकागो विद्यापीठात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी वर्षभर चालणाऱ्या कार्यशाळा आहेत. तिथे मसुदा आधीच सगळ्यांना पाठवलेला असतो. लोक तो वाचून येतात आणि बैठकीचा बहुतेक वेळ चर्चेला मिळतो. तुमच्यासारख्याला हीच पद्धत मानवेल. तुमचं प्रकरण वाचलेला इतिहासाचा विद्यार्थी विचारेल, की ही नोंद कोणी ठेवली, कशासाठी ठेवली, आणि कोणाचे मृत्यू त्यात येतच नसत? संख्याशास्त्राची विद्यार्थिनी विचारेल, की न आलेले मृत्यू यदृच्छया गळले आहेत की गरीब वस्त्यांतलेच जास्त गळले आहेत? खरं तर हा एकच प्रश्न दोन बाजूंनी आला. तो दुसऱ्या वर्षी कानावर पडला तर मॉडेल बदलता येतं, प्रबंध सादर करताना पडला तर फार उशीर झालेला असतो.

अर्धवट काम उघड करायची भीती वाटणं स्वाभाविक आहे. १९३१ पासून चालत आलेल्या गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस या विज्ञान परिषदांनी त्यावर नियमच केला आहे: तिथे मांडलेलं बाहेर उद्धृत करायचं नाही, रेकॉर्डिंगही करायचं नाही. त्यांच्यापैकी अनेक परिषदांना जोडून खास विद्यार्थी आणि पोस्टडॉकसाठी गॉर्डन रिसर्च सेमिनार असतात. जर्मनीतल्या डागस्टुल या संगणकशास्त्राच्या परिषद केंद्रात जेवणाच्या टेबलावरच्या जागा नावाच्या चिठ्ठ्या ठेवून ठरवल्या जातात, त्यामुळे रोज शेजारी नवा माणूस येतो. गोष्ट छोटी आहे, पण तिची गरज मोठी आहे. मोकळं सोडलं की माणसं हमखास आपल्याच विषयवाल्यांजवळ बसतात.

आता स्वतः गट सुरू करण्याबद्दलचा तुमचा प्रश्न, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मॅक्स डेलब्रुक मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फाजवर, काम करणाऱ्यांचा गट त्यांनी बांधला आणि १९४५ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत उन्हाळी अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून अनेक भौतिकशास्त्रज्ञ जीवशास्त्राकडे वळले. पण त्याआधी, १९४४ मध्ये, त्यांनी एक करार घडवून आणला होता: सगळ्यांनी टी१ ते टी७ हे सातच फाज वापरायचे, आणि तेही ई. कोलाय या जिवाणूच्या एकाच वाणावर. तोवर प्रत्येकाचा विषाणू वेगळा, त्यामुळे एकाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येत नसत. करारानंतर ते शक्य झालं. १९६९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेलब्रुक आणि त्यांच्या गटातले लुरिया व हर्शी या तिघांना मिळालं, त्यामागे ही शिस्त होती असं मी मानतो.

तुमच्या गटासाठी यातून थेट उपाय निघतो. 'विज्ञान आणि समाज' असलं ऐसपैस नाव देऊन वाचनगट काढू नका, काही बैठकींनंतर तो विरतो. त्याऐवजी एकच मृत्यूनोंदवही घ्या. इतिहासवाला ती त्याच्या पद्धतीने वाचेल, तुम्ही तुमच्या, भूगोलाचं कोणी असेल तर नकाशावर मांडेल. मग तिघांचे निष्कर्ष जुळतात का ते बघा. जिथे जुळत नाहीत तिथे थांबा, तिथेच काम आहे. माणसं मोजकी ठेवा, वार पक्का ठेवा, आणि कोणीतरी दर वेळी टिपणं काढायलाच हवीत.

त्यातून संयुक्त लेख निघणार असेल तर लेखकांच्या क्रमाचं बोलणं पहिल्याच महिन्यात उरकून घ्या. गणितात नावं सहसा वर्णानुक्रमाने लागतात, तर जीवशास्त्रात पहिल्या आणि शेवटच्या जागेला वजन असतं. संगणकशास्त्रात परिषदेतला शोधनिबंध हेच मुख्य प्रकाशन मानलं जातं, इतिहासात ते तसं मानत नाहीत. प्रत्येकाला आपलीच रीत जगाची रीत वाटते आणि त्यापायी चांगल्या मैत्र्या तुटतात.

गाईडकडे जाताना "आंतरविद्याशाखीय अनुभव मिळेल" असं म्हणू नका. "तिसऱ्या प्रकरणातल्या गळलेल्या नोंदींचा प्रश्न मला इथे मांडायचा आहे" असं म्हणा आणि वेळापत्रक दाखवा. वर्षाला एक चांगली कार्यशाळा पुरे. प्रबंध शेवटी एखाद्या विभागातच तपासला जाणार, तेव्हा तुमचं गणित गणितवाल्यांच्या कसोटीवर उतरलंच पाहिजे. तिथे सवलत मागू नका, कोणी देऊ केली तरी घेऊ नका.

अर्जातही हेच धोरण ठेवा. तुम्हाला काय येतं ते दोन ओळींत, आणि तुमच्या विषयाच्या साधनांनी कोणता प्रश्न सुटत नाही ते सविस्तर. निवड करणारे शोधतात ती दुसरी गोष्ट. निवड झाली तर परत आल्यावर आठवडाभरात दोघा-तिघांना पत्र पाठवा, नुसते आभार नकोत, सोबत एखादा तक्ता किंवा नोंदवहीचं एखादं पान जोडा.