समुद्राच्या फोटोत क्षितिज कमानीसारखं येतं. लेन्स बदलू का?

'वागातोरला १८-५५ मिमी झूम लेन्सने काढलेल्या फोटोंत समुद्र मधे फुगलेला दिसतो. लेन्स खराब आहे की ही पृथ्वीची गोलाई?' असं तुम्ही विचारलंय. त्यातली 'पृथ्वीची गोलाई' वाचली आणि माझं डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

म्हापशात मी आणि माझा मावसभाऊ मिळून स्टुडिओ चालवायचो. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. एकदा एका पतसंस्थेच्या कॅलेंडरचं काम आलं. शापोरा किल्ल्यावरून संध्याकाळचा समुद्र घ्यायचं ठरलं. तटाचे जांभे दगड भरपूर यावेत म्हणून मी झूम १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद दृश्य येतं त्या वाइड टोकाला ठेवलं आणि क्षितिज पार वरच्या कडेला नेलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर झकास दिसत होतं.

छापून आल्यावर चेअरमननी कॅलेंडर टेबलावर पसरलं, शिपायाकडून स्टीलची फूटपट्टी मागवली आणि क्षितिजाच्या दोन्ही टोकांना टेकवली. मधला समुद्र पट्टीच्या वर अडीच-तीन मिलिमीटर! ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दर्याक पोट आयलां रे!" मी जमिनीत जायला जागा शोधत होतो, आणि आमचे बंधुराज शांतपणे म्हणाले, "सर, पृथ्वी गोलच आहे ना." सगळं परत छापलं, आमच्या खिशातून.

आता हिशेब बघा. ६० मीटर उंचीवर उभे राहिलात तर क्षितिज सुमारे २८ किलोमीटरवर असतं. त्या उंचीवरून १८ च्या फ्रेममध्ये पृथ्वीचा खरा बाक दीड फूट रुंदीच्या छपाईवर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. बाकीचं पोट लेन्सचं. वाइड टोकाला झूम लेन्स सरळ रेघा बाहेर फुगवते. क्षितिज वर ठेवलंत तर डोंगर होतो, खाली ठेवलंत तर वाटी होते. पृथ्वी कधी वाटीसारखी दिसते का? हे मी बंधुराजांना तेव्हाच विचारलं होतं, उत्तर अजून यायचंय. फ्रेमच्या बरोब्बर मधून जाणारी रेघ मात्र वाकत नाही. मधे ठेवून काढा आणि नंतर क्रॉप करा, निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये. लाइटरूममध्ये लेन्स प्रोफाइलची (त्या लेन्सच्या बाकाची तयार नोंद) टिक, फुकटात हवं तर डार्कटेबलचं लेन्स करेक्शन. आधी बाक काढा, मग तिरपेपणा. उलटं केलंत तर कललंय किती हेच कळत नाही. कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच चारी बाजूंनी थोडं जास्त घ्या.

"हे म्हणजे फसवणूक, फोटो निघाला तसा ठेवावा," हे भाऊसाहेबांचं दुसरं तत्त्वज्ञान. त्यावरूनच पुढे आमचं फाटलं. आता त्याने मिररलेस कॅमेरा घेतलाय आणि "बघ, चांगल्या लेन्सला काही करावं लागत नाही" म्हणून मिरवतो. गेल्या चतुर्थीला त्याच्या केरी किनाऱ्याच्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) मी डार्कटेबलमध्ये करेक्शन बंद ठेवून उघडल्या. हे भलंमोठं पोट! त्याचा कॅमेराच जेपेग बनवताना गुपचूप इस्त्री करतो. स्क्रीनकडे बराच वेळ बघून म्हणाला, "तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे."

हो, तुमचा प्रश्न लेन्सचा होता. वागातोरला १८ ऐवजी २४-२८ वर काढून बघा, बाक बराच कमी होईल. काही लेन्सचा बाक मिशीसारखा असतो, मधे वर आणि टोकांना उलटा. तिथे नुसता स्लायडर ओढून भागत नाही, त्याच लेन्सचं प्रोफाइल लागतं. आणि मिरामारवरून काढत असाल तर समोर आग्वादच्या टेकडीच्या पायथ्याशी पाण्याची जी कड दिसते, तिला क्षितिज समजून फोटो सरळ करू नका. तो पलीकडचा काठ आहे, तिरपा दिसू शकतो. उघडा समुद्र दिसतो तेवढ्याच भागावर रेघ धरा.