चवथीला न गेलेल्या सुनेला

पत्र

मावशी, मी पणजीत नोकरी करते, सासर सत्तरी तालुक्यात. आमचा गणपती पाच दिवसांचा. यंदा चवथीच्या आदल्या दिवशी मला १०२ ताप भरला, घसा बसला, खोकला थांबेना. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तीन दिवस खोकत होती, तिच्याकडूनच आलं असणार. सासरी काकासासरे आहेत, वय ७८, जुना दमा. धाकट्या जावेला सातवा महिना. म्हणून मी गेले नाही, नवऱ्याला आणि मुलाला पाठवलं. घरच्या ग्रुपवर ‘ताप आहे, येत नाही’ असा मेसेज टाकला. थोरल्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “गोळी घेऊन आली असती तर काय झालं असतं? आम्ही तापात नेवऱ्या तळल्या आहेत.” तेव्हापासून सासूबाई फोनवर नातवाशी बोलतात आणि ठेवून देतात. नवरा म्हणतो, सोडून दे. कोणी आजारी पडलं नाही, पण माझंच चुकलं असं मला वाटायला लागलंय. दिवाळीला कुठल्या तोंडाने जाऊ?
— एक सून, पणजी

उत्तर

बाळा, तू गेली नाहीस ते बरोबर केलंस. हे आधी लिहिते, कारण पत्र वाचताना मला दिसत होतं की महिनाभर तू मनातल्या मनात स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहेस. तिथून आधी खाली उतर. मग बाकीचं बोलू, कारण थोडं बोलण्यासारखं आहे.

‘गोळी घेऊन ये’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पॅरासिटामॉलने फक्त ताप उतरतो. अंगात शिरलेला विषाणू होता तिथेच राहतो. उलट गोळीमुळे बरं वाटतं, माणूस उठून कामाला लागतो, चार जणांत मिसळतो आणि आजार वाटत फिरतो. फ्लू असेल तर लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस तो दुसऱ्याला लागू शकतो, आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. म्हणजे चवथीच्या दिवशी तू अगदी भरात होतीस. आणि घरात कोण होतं? ७८ वर्षांचे दमेकरी आणि सातव्या महिन्यातली बाई. फ्लू बिघडून न्यूमोनियावर जाण्याचा धोका ज्यांना जास्त, त्यात म्हातारी माणसं, दमेकरी, मधुमेही आणि गरोदर बायका येतातच. आपल्या देशात फ्लूच्या दोन लाटा येतात, एक जानेवारी ते मार्चच्या सुमाराला आणि दुसरी पावसाळ्यात. चवथ नेमकी या दुसऱ्या लाटेत येते, हे आपल्या घरांनी लक्षात घ्यायला हवं.

आता तुझ्या सासरची देवाची खोली डोळ्यांसमोर आण. मी तुमचं घर पाहिलेलं नाही, पण अशा खोल्या आयुष्यभर पाहिल्या आहेत. वर माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळापानांची चौकट, तिला आंबाडे, कांगलां, तोरंजन, सुपारीचे कातरे. खाली मखर. बाहेर पाऊस धो धो, म्हणून खिडक्या लावलेल्या. समया, धूप, आणि पंधरा बाय बाराच्या जागेत वाड्यावरची तीस-चाळीस माणसं. घुमटावर, म्हणजे आपल्या मातीच्या वाद्यावर, थाप पडते, शामेळाचा ढोल लागतो, कासाळ्याची झांज वाजते आणि आरती एकीतून दुसरीत शिरत तासभर चालते. घुमट आरती कोणी पुटपुटत नाही. छाती भरून श्वास घ्यायचा आणि गळ्याच्या शिरा ताणून म्हणायची. त्या खोलीत काकासासरे मान देऊन पुढे बसवलेले असतात, मखराच्या उजव्या हाताला, सगळ्यांच्या तोंडासमोर.

गाण्याने काय होतं याचं एक उदाहरण जगाने पाहिलं आहे. १० मार्च २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. एकाला थोडीशी सर्दी होती, एवढंच. आलेल्या ६१ जणांपैकी त्याच्यासकट ५३ जण आजारी पडले आणि दोघं दगावली. तो कोरोना होता, फ्लू नव्हे. पण बंद खोली, मोकळा गळा आणि एकमेकांचा श्वास, हे गणित दोन्हीकडे तेच.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी अशीच खोकत माहेरी गेले होते, डिचोलीकडे. न जाण्याचा विचारसुद्धा मनात आला नाही. आदल्या रात्री आम्ही बायका नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसलो. आत्या माझ्या शेजारी. तिची मुरड घालायची पद्धत अजून डोळ्यांपुढे आहे. अंगठ्याच्या नखाने कड दाबायची, दुमडायची, परत दाबायची, दोरी वळल्यासारखी. मी पदरात खोकत होते आणि तोच हात परत पिठाला लावत होते. तिने दोनदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. चवथ झाली आणि आठवड्याभरात आत्याला न्यूमोनिया झाला, इस्पितळात ठेवावं लागलं. ती घरी आली, पण त्यानंतर तुळशीपर्यंतच्या चार पायऱ्या चढताना ती मध्ये दोनदा थांबायची. तिला ते माझ्याकडून लागलं की आणखी कोणाकडून, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. पण तिला त्या पायरीवर कठड्याला धरून उभी पाहिलं की माझ्या पोटात कालवायचं. तू स्वतःला हे होऊ दिलं नाहीस. म्हणून तुझ्या बाजूने मी इतकं ठासून लिहिते आहे.

आता तुझ्या बाजूचं नसलेलं.

थोरल्या जाऊबाई काय म्हणाल्या ते परत वाच. “आम्ही तापात नेवऱ्या तळल्या आहेत.” तुला त्यात टोमणा ऐकू आला, आणि तो आहेच. पण त्या बाईच्या तोंडून तिची हकीकतही बाहेर पडली आहे. कधीतरी ती स्वतः तापात होती, चुलीसमोर उभी होती आणि घरातल्या एकानेही तिला ‘जा, जरा पड’ म्हटलं नाही. ज्याला कधी विसावा मिळाला नाही, त्याला दुसऱ्याचा विसावा खुपतो. शिवाय या वर्षी तुझ्या वाट्याचं काम गेलं कुठे? धाकटीला सातवा महिना, तिच्याने होणार किती? खतखत्याच्या भाज्या चिरणं, नारळ खवणं, हळदीच्या पानांवर पातोळ्या थापणं, पाच दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांची पानं वाढणं, हे सगळं थोरलीच्या आणि सासूबाईंच्या अंगावर पडलं. तू काकासासऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार केलास. जाऊबाईंच्या कमरेचा राहून गेला. तापात सुचलं नसेल, मला समजतं. पण पुढच्या वेळी सुचावं.

आणि तो मेसेज. ‘ताप आहे, येत नाही.’ चार शब्द, तेही ग्रुपवर, जिथे मुंबईच्या चुलतभावांपासून सगळे वाचणार. सासूबाईंना तुझं न येणं इतरांबरोबर कळलं. घरच्या सुनेचं न येणं सासूला आधी, एकटीला, आवाजातून कळायला हवं. घसा बसलेला होता ना? मग तर फोन करायलाच हवा होतास. तो बसका आवाज ऐकून त्यांनीच म्हटलं असतं, ‘येऊ नको गो, पडून राहा.’ काकांच्या दम्यासाठी आणि धाकटीच्या बाळासाठी तू थांबलीस, हे कारण तू मला पत्रात लिहिलंस. त्यांना कुठे सांगितलंस? त्यांच्यापुरतं एवढंच उरलं, की सुनेला ताप आला आणि तिने चवथ टाळली.

एक गोष्ट जरा अवघड आहे, पण सांगायला हवी. तू घरी राहिलीस, पण आदल्या रात्रीपर्यंत नवरा आणि मुलगा तुझ्याच खोलीत झोपत होते. त्यांच्या अंगातून तो आजार सत्तरीला पोचू शकला असता. लहान मुलं तर फ्लू मोठ्या माणसांपेक्षा जास्त दिवस वाटतात. कोणी आजारी पडलं नाही हे नशीब. असं परत झालं तर त्यांनी जावं, पण तोंडाला मास्क लावून, काकांपासून आणि धाकटीपासून लांब बसून, बाहेर ओसरीवर, बाल्कांवात जेवून. जराही घसा खवखवला तर मागे फिरावं.

ऑफिसातल्या मैत्रिणीवर राग धरू नकोस. तिची रजा संपली असेल, किंवा वरिष्ठांची भीती असेल. पुढच्या वेळी तिचं टेबल सांभाळायचं तू कबूल कर आणि तिला घरी पाठव.

दिवाळीला कुठल्या तोंडाने जाऊ, असं विचारतेस. दिवाळीची वाट बघूच नकोस. आधीच्या एखाद्या शनिवारी जा, एकटी. नवऱ्याला म्हण, ‘सोडून द्यायचं नाही, मी बोलून येते.’ स्वयंपाकघरात सासूबाईंच्या शेजारी बस, हातात काहीतरी काम घे, आणि सांग, ‘आई, ताप होता म्हणून मी आले नाही असं नाही. काकांना लागेल याची मला भीती वाटली. तुम्हाला आधी फोन करायला हवा होता, तो केला नाही, ते चुकलं.’ एवढंच. न येण्याबद्दल माफी मागू नकोस, ती खोटी होईल. फोनबद्दल माग, ती खरी आहे.

त्यांना फ्लूचं गणित पटलं नाही तर त्यांच्याच घरातल्या रीतीची आठवण दे. सुतक असलं की आपण कोणाच्या माटोळीखाली जात नाही आणि कोणी रुसतही नाही. पूर्वी कोणाला देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावत, येणाऱ्याला उंबऱ्यावरच कळायचं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. सासूबाई पासष्टीच्या पुढच्या असतील तर लहानपणी त्यांनी तो डहाळा पाहिलाही असेल. वेगळं राहणं म्हणजे तुटणं नव्हे, हे त्या पिढीला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मग जाऊबाईंकडे. त्यांच्याकडे खुलासा घेऊन जाऊ नकोस. विचार, ‘वहिनी, तुम्ही तापात तळत होता तेव्हा कोणी होतं का हाताशी?’ आणि त्या बोलतील तोवर ऐक. पुढच्या चवथीला गावातली एक मदतनीस बाई पाच दिवस लावायची आणि पैसे तू द्यायचे, हे तिथेच ठरव. नेवऱ्या महिला मंडळाकडून करून घेतल्या तर गणपती रागावत नाही. जाऊबाई नको म्हणतील. दुसऱ्यांदा विचार.

काकासासऱ्यांचं एक काम तुझ्याकडे घे. दमेकऱ्यांनी आणि म्हाताऱ्यांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी असं डॉक्टर सांगतात. तिचा असर यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे चवथीच्या महिनाभर आधी घ्यायला हवी. त्यांच्या डॉक्टरांना विचारून तारीख ठरव आणि स्वतः घेऊन जा. तूही घे. आणि आरतीच्या वेळी दोन खिडक्या उघड्या ठेवायची सवय घराला लाव. पावसाचे चार थेंब आत आले तर पुसता येतात.

तुझ्यासाठीही थोडं. परत ताप आला तर गोळीशिवाय पुरा एक दिवस-रात्र ताप नाही आणि खोकला उताराला लागला, मगच माणसांत जा, तेही पुढचे पाच दिवस मास्क लावून, हात साबणाने धुऊन. आणि पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लू समजू नकोस. आपल्याकडे डेंग्यू असतो, शेतात चिखलात वावरणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, होतो. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, धाप लागत असेल, अंगावर पुरळ दिसलं तर डॉक्टर गाठायचा. तोवर पॅरासिटामॉलपलीकडची कुठलीही वेदनाशामक गोळी मनाने घ्यायची नाही. डेंग्यू निघाला तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो.

दिवाळीच्या सकाळी कारीट फुटलं की सगळे फोवांना, म्हणजे पोह्यांना, बसतील, दुधातले, रसातले, ताकातले. तेव्हा वाढायला तू उभी राहा. जाऊबाईंना पाटावर बसव, पहिली वाटी त्यांच्यापुढे ठेव. धाकटीचे दिवस तोवर भरत आले असतील. बाळ झालं की अख्खा वाडा बघायला लोटेल, आणि कोणीतरी नाक ओढत, खोकत त्याची पापी घ्यायला वाकेल. त्याला उंबऱ्यावर थांबवायचं कोणी, हे आताच सासूबाईंना विचारून ठेव. त्या म्हणाल्या ‘तू सांग’, तर मला लगेच कळव.

तुझी,
मावशी