आधी "असं का?" विचार

प्रिय पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि वैतागले. "वर्गातले सगळे सेमिस्टरभर ऑस्ट्रेलियाला, सिंगापूरला चाललेत आणि मी मात्र ट्रॉन्डहाइमच्या ट्रामने लियानपर्यंत आणि रेल्वेने रोरोसपर्यंत. मावशी, माझं जग फारच लहान आहे का?" हे मोजमाप तुला कुणी शिकवलं? पैशांची अडचण नाही, लोनेकासेन, म्हणजे इथलं नॉर्वेचं सरकारी विद्यार्थी-कर्ज खातं, परदेशातल्या सेमिस्टरलाही कर्ज देतं. जायचं तर जा, राहायचं तर राहा, मी त्यात पडणार नाही. माझं म्हणणं एकच आहे आणि ते तुला पाठ आहे. जिथे जाशील तिथे एकदा तरी "असं का?" असं विचारायचं, आणि उत्तर हाती लागल्याशिवाय परतायचं नाही.

फेब्रुवारीत तू रोरोसच्या जत्रेला गेलीस. घोडे, लाकडी स्लेज, शेकोट्या, कातडी कोट घातलेले म्हातारे असे ढीगभर फोटो पाठवलेस. मी विचारलं, ही जत्रा ऐन फेब्रुवारीत का? जूनमध्ये का नाही? तू गप्प. अगं, थंडीने बोटं बधिर झाली होती ना तुझी? मग हा प्रश्न तुलाच पडायला हवा होता! दुसऱ्या दिवशी एका स्लेजवाल्या आजोबांना गाठून विचारलंस आणि लगेच मला फोन केलास, "मावशी, तळी गोठतात म्हणून!" उन्हाळ्यात त्या भागात दलदल आणि पाणी, जड ओझं न्यायचं कुठून? हिवाळ्यात तेच पाणी गोठून सपाट रस्ता होतो. म्हणून माल हिवाळ्यात हलायचा, आणि माल जिथे जाईल तिथे बाजार भरणारच. 1854 पासून ही जत्रा भरते आहे. आजही काही जण स्वीडनमधून आणि आजूबाजूच्या खोऱ्यांतून कित्येक दिवस घोडे हाकत तिथे येतात. गावाच्या मधोमध काळ्या मळीचे डोंगर पाहिलेस ना? 1644 ते 1977, सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ तिथे तांब्याचं काम चाललं, त्याचा तो उरलेला गाळ. फोनवरचा तुझा तो आवाज मला त्या सगळ्या फोटोंपेक्षा मोलाचा वाटला. फोटो मी बघितले आणि विसरले, खरं सांगते.

आपल्या मराठी मंडळींच्या जेवणात हमखास विचारतात, "किती देश झाले?" मी म्हणते, "नॉर्वेच अजून संपला नाही." हसतात. हसू देत. मी आळशी होते म्हणून फिरले नाही, असं त्यांना वाटतं. तसं नाहीये. रोज कामाला जाताना ट्रॉन्डहाइमचा मुंकेगाता हा रस्ता लागायचा. एवढंसं लाकडी घरांचं शहर आणि रस्ता एवढा ऐसपैस का? विचारत राहिले. 1681 च्या आगीत शहर जळून गेलं. मग सिसिन्यों नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने नवा आराखडा केला आणि मुद्दाम रुंद रस्ते आखले, आग एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून. आणि त्याच रस्त्यांच्या अधेमधे जुन्या मध्ययुगीन गावाच्या अरुंद बोळकांड्या अजून शिल्लक आहेत, तू ग्रंथालयात जायला ज्यातून शॉर्टकट घेतेस त्याच. हे मला कुठल्या टूर कंपनीने दाखवलं असतं, सांग? पॅरिसला जाऊन मनोऱ्याखाली उभी राहिले असते, एवढंच.

एक मात्र राहिलं. नॉर्वेच्या पर्यटक संघटनेची, म्हणजे डीएनटीची, किल्ली. सभासद झालं की ती मिळते आणि देशभरातल्या डोंगरातल्या बिनराखणीच्या बहुतेक झोपड्या तिने उघडतात. त्यातल्या काहींत फळीवर खाण्याचे डबे असतात. खाल्लंस तेवढं लिहायचं आणि पैसे आपणच भरायचे. बघायला कुणी नसतं. संघटना 1868 ची, म्हणजे हे सगळं कालपरवाचं नाही. गुडघे चांगले होते तेव्हा "पुढच्या उन्हाळ्यात" म्हणत राहिले. तुझे गुडघे नवे कोरे आहेत. तिकडे जा, रात्र काढ आणि विचार की इतकी वर्षं हे टिकलं कसं. मला उत्तर हवंय, मला स्वतःला.

आणि लांब जायलाच हवं असंही नाही. मोहोल्टच्या विद्यार्थी वसाहतीतल्या तुझ्या सामाईक स्वयंपाकघरात काय कमी आहे? तू ज्याला नाक मुरडतेस ते तपकिरी चीज घे. ताकातलं पाणी नव्हे, पण चीज काढल्यावर राहिलेलं पाणीच ते. ते आटवत आटवत तपकिरी करतात आणि चव पार बेळगावच्या कुंद्याकडे जाते. गुडब्रान्सडालच्या खोऱ्यातल्या आन्ने होव्ह नावाच्या बाईने 1863 मध्ये त्यात साय घालायचं ठरवलं. त्याचे पातळ काप काढायचं ते हत्यार? 1925 मध्ये थोर ब्योर्कलुन या सुताराने त्याचं पेटंट घेतलं. सुतार का? रंध्याकडे एकदा नीट बघ, लगेच कळेल. आणि पार्टीनंतर बाटल्यांची अनामत परत घ्यायला तू रिकाम्या बाटल्या ज्या मशीनमध्ये घालतेस, तेही इथलंच. ऑस्लोजवळच्या आस्करमध्ये 1972 साली प्लांके बंधूंनी ते बनवलं. रोरोसचं तिकीट त्याच पैशांतून काढलंस ना? मग एवढं तरी माहीत हवं!

रागावले नाहीये गं. उलट परवा लियानहून तू जो मेसेज पाठवलास, "ही ट्राम 1988 मध्ये बंद केली होती, मग 1990 मध्ये परत सुरू कशी झाली?", तो वाचताना गॅसवरचा चहा उतू गेला माझा. पहिल्यांदा तू स्वतःहून विचारलंस. पण पुढे काय? "आता परीक्षा आहे, नंतर बघते." ही अशी सवय लागली की माणूस पाच खंड फिरून येतं आणि सांगायला विमानतळांची नावं उरतात. प्रश्न पडला की त्याच आठवड्यात विचारायचा. ट्रामच्या डेपोत जा, जुन्या चालकांशी बोल, वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळ. कुणी हाकलून देणार नाही, इथली माणसं विचारल्याशिवाय बोलत नाहीत एवढंच.

ऑस्ट्रेलियाचा अर्ज भर किंवा भरू नकोस. भरलास तर तिकडच्या गोष्टींचंही "का" मला कळवावं लागेल, ही अट. रविवारी वरण-भात आहे. ट्रामचं उत्तर आणलंस तर आईने पाठवलेलं लोणचं उघडीन, नाहीतर पापडावर भागव.

तुझी,
मावशी