क्रूझच्या बंदरावर जहाजाची सहल न घेता स्वतः फिरलं तर चालेल का? बोट सुटली तर?

तुम्ही लिहिलंय की इटली-ग्रीसची क्रूझ ठरली आहे आणि थांबे चिविताव्हेक्किया, लिव्होर्नो, पिरेअस आणि सँटोरिनी असे आहेत. जहाजाच्या सहली, म्हणजे प्रत्येक बंदरावर जहाज कंपनीच नेते त्या सहली, फार महाग वाटतात, सोबत गुडघेदुखीच्या सासूबाई आहेत, आणि आपलं आपण फिरायला गेलो तर बोट निघून जाईल याची धास्ती आहे.

स्वतः फिरा. फक्त चारही बंदरांना एकच नियम लावू नका. पैशांचा विचार नंतर, आधी हे बघा की धक्क्यापासून तुमचं ठिकाण किती लांब आहे आणि तिथून परतायला वाटा किती आहेत. कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरात 'रोम' छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, रोमपासून ७०-८० किलोमीटरवर. फ्लॉरेन्सच्या नावाने लिव्होर्नो. उत्तरेकडच्या क्रूझवर तर 'बर्लिन' म्हणून वार्नेम्युंडेला उतरवतात, आणि तिथून बर्लिनला रेल्वेने जायलाच तीनेक तास लागतात. तिथे मी डोळे मिटून जहाजाची सहल घेईन. उलट मॉन्टेनेग्रोच्या कोटोरला धक्का जुन्या शहराच्या तटबंदीसमोरच आहे, तिथे सहलीला पैसे कशाला घालायचे?

तुमच्या यादीत सगळ्यात सोपं पिरेअस. ते अथेन्सचंच बंदर आहे आणि मेट्रो थेट शहरात जाते. जुनी हिरवी लाइन अथेन्सच्या मध्यभागी, अ‍ॅक्रोपोलिसजवळच्या मोनास्तिराकीला नेते, आणि २०२२ पासून तिसरी लाइनही पिरेअसपर्यंत आली आहे. म्हणजे एक बंद पडली तर दुसरी आहे, टॅक्सी आहेच. अ‍ॅक्रोपोलिसची (टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांची) तिकिटं आता ठरावीक वेळेची असतात, ती आधीच ऑनलाइन काढा. वेळ निवडताना जहाज लागण्याची वेळ न धरता, तुम्ही प्रत्यक्ष खाली उतरण्याची वेळ धरा. हजारो लोक एकदम उतरतात, त्यात बराच वेळ जातो. हिरव्या लाइनवर पाकीटमार असतात, तेवढं सांभाळा.

रोमचा हिशेब मात्र कागदावर मांडा, आणि तोही उलटा. समजा बोट संध्याकाळी ७ ला सुटते. मग सगळ्यांनी चढायची वेळ साधारण ६.३० असते, कधी त्याच्याही आधी. खरी वेळ हीच, सुटण्याची नव्हे. ५.३० पर्यंत बंदराच्या दारात असायचं. स्टेशनवरून बंदरात बसने यायचं आणि तिथून शटलने जहाजापर्यंत, म्हणून ४.४५ पर्यंत चिविताव्हेक्किया स्टेशन गाठायचं. म्हणजे रोमा सान पिएत्रो स्टेशनवरून पावणेचारच्या सुमाराची गाडी धरायची. ही गाडी निवडताना तिच्यामागे बोट गाठून देणाऱ्या आणखी एक-दोन गाड्या आहेत ना, ते वेळापत्रकात बघून ठेवा. सकाळी साडेनऊला रोमला पोहोचलात तर हातात जेमतेम सहा तास उरतात. सान पिएत्रोहून व्हॅटिकन चालत जाण्याइतकं जवळ आहे, तेव्हा ती एकच बाजू नीट बघा. कोलोसियमही त्याच दिवशी उरकायच्या मोहात पडू नका. वार कोणता आहे तेही बघा, कारण महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी व्हॅटिकनची म्युझियम्स बंद असतात. आणि लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का उमटवून घ्या. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

इटलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: रेल्वेचे संप. ते आधी जाहीर होतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात तारखा तपासता येतात. संपाच्या दिवशीही काही लोकल गाड्या हमखास धावतात, पण कामाच्या दिवशी त्यांची वेळ सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. क्रूझच्या प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ नीट समजून घ्या. सकाळची गाडी तुम्हाला रोमला नेईल, आणि परतीच्या गाड्या सुरू होतील तोवर तुमची बोट नांगर उचलत असेल. अशा दिवशी जहाजाची सहल घ्या किंवा चिविताव्हेक्कियातच फिरा.

जहाजाच्या सहलीचा खरा फायदा हाच. तिची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवते. बाहेरच्या खासगी टूरवाल्यांची 'वेळेत परत आणण्याची हमी' वेगळी. त्यांच्यासाठी जहाज थांबत नाही. फार तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च ते देतील, तोही त्यांच्या अटी वाचल्यावरच कळेल. मार्च २०२४ मध्ये साओ टोमे बेटावर खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. जहाज अजून समोर नांगरलेलं होतं. तटरक्षक दलाच्या बोटीने त्यांना जहाजापाशी नेलंही, तरी वर घेतलं नाही. अनेक देशांतून प्रवास करत त्यांनी शेवटी सेनेगलमध्ये जहाज गाठलं. हे घाबरवायला सांगत नाही. बंदराचं भाडं, पुढच्या धक्क्याची ठरलेली वेळ, भरती-ओहोटी हे सगळं कप्तानाच्या डोक्यावर असतं, तेव्हा तो थांबेल अशी आशा हिशेबात धरायचीच नाही.

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात नांगरतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांनी नंबर लावायचा. उतरता तिथून 'फिरा' नावाचं मुख्य गाव उंच कड्यावर दिसतं. वर जायला केबल कार, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या किंवा गाढव. पायऱ्या गुळगुळीत झालेल्या, त्यावर गाढवांची लीद आणि त्यांचीच ये-जा. सासूबाईंना तिथून चालवू नका. खरी कोंडी परतताना होते. त्याच दिवशी तीन-चार जहाजं आली असतील तर दुपारनंतर केबल कारची रांग गल्लीत वळत वळत जाते आणि त्यात तास तास जातो. तुमच्या घड्याळाचा काटा शेवटच्या टेंडर बोटीवर लावा, जहाज सुटण्याच्या वेळेवर नको. सासूबाईंसाठी या एका ठिकाणी जहाजाची सहल घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. जहाजाच्या सहलीच्या प्रवाशांना सहसा बेटावरच्या अथिनिओस या दुसऱ्या बंदरावर उतरवून बसने वर नेतात, म्हणजे निदान वर जातानाची रांग टळते. परत मात्र केबल कारनेच सोडतात का, ते सहल घेण्यापूर्वी विचारून घ्या.

उतरण्यापूर्वी रोजच्या कार्यक्रमपत्रकाचा फोटो काढून ठेवा. त्यावर चढायची वेळ आणि बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर असतो. काही बिनसलंच तर पहिला फोन त्याला. ग्रीसचं घड्याळ इटलीच्या एक तास पुढे आहे. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवेल, पण जहाज आपली वेळ बदलेलच असं नाही. म्हणून एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून घाला. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची आणि व्हिसाची प्रत जवळ ठेवा. तुमच्या मार्गात तुर्कस्तानासारखा शेंगेनबाहेरचा (इटली-ग्रीससारख्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरचा) थांबा जोडला गेला, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागेल आणि त्या देशाचा नियम वेगळा बघावा लागेल.

राहिलं लिव्होर्नो. मालवाहू बंदर असल्याने आतून चालत बाहेर पडता येत नाही, शटलने गावात यायचं आणि मग बसने स्टेशनवर. पिसा रेल्वेने वीसेक मिनिटांवर आहे, फ्लॉरेन्सला सव्वा ते दीड तास. बोट तिथे किती वाजता लागते आणि चढायची वेळ काय, हे प्रश्नात दिसलं नाही. ते टाकलंत तर फ्लॉरेन्स जमेल की पिसावरच थांबावं, हे खाली लिहितो.