जेलमध्ये बसून पुस्तकं वाचून काय होणारे मॅडम?

परवा पुन्हा तोच प्रश्न आला. ज्या घरातलं पोरगं आत आहे त्या घरातनं तो येतोच, की वर्षं तर वाया चाललीत, आता वाचून काय दिवे लावणारे. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सोलापूरच्या विडी घरकुलातली एक अम्मा झोप लागत नाही म्हणून माझ्याकडं आली होती. पोरगा २३ वर्षांचा, यंत्रमागावर कामाला, मारामारीच्या केसमध्ये कच्चा कैदी, म्हणजे निकाल लागायच्या आधीच आत. घरात तेलुगू, शाळा सातवीत सुटलेली. अर्धा तास रडली आणि मग खरी भीती बाहेर पडली, पोरगा मुलाखतीत, म्हणजे जेलमधल्या भेटीत, डिक्शनरी मागतोय. "डोक्यावर परिणाम झाला का ओ त्याच्या? बाकीची पोरं बिस्किटं मागतात, पैसे मागतात, ह्यो पुस्तक मागतोय."

खोदून विचारलं तेव्हा कळलं. आरोपीला चार्जशीटची, म्हणजे पोलिसांच्या आरोपपत्राची कॉपी फुकट मिळते, ती त्याच्या हातात आली होती आणि त्यातलं निम्मं त्याला कळतच नव्हतं. सदर इसम, नमूद फिर्यादी, संगनमत. आपल्याबद्दल काय लिहिलंय तेच समजेना आणि बराकीत विचारावं तर जो तो वेगळंच सांगणार. आता यात वेडेपणा कुठाय?

इथं माझी एक चूक झाली. मी हौसेनं आयुष्य बदलून टाकणारी म्हणतात तसली दोन पुस्तकं पाठवली. त्याचा निरोप आला, ह्यात सगळेच खूश आहेत, मला शब्द पाहिजेत. बरोबर बोलला की. मग साधी मराठी डिक्शनरी आणि रेघांची वही दिली (पुस्तक तपासल्याशिवाय आत जात नाही, परवानगी लागते, त्यामुळं आधी विचारा, गठ्ठा घेऊन गेटवर उभं राहू नका).

अम्माला मी माल्कम एक्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पुढाऱ्याची गोष्ट सांगितली. १९४६ मध्ये विशीत चोरीच्या गुन्ह्यात आत गेला, शिक्षण आठवीपर्यंत. पत्र लिहायला बसला की मनातलं कागदावर येईना, म्हणून जेलमधनं डिक्शनरी मागून घेतली आणि पहिल्या पानापासनं हातानं उतरवायला लागला, विरामचिन्हांसकट. पहिल्या पानालाच एक दिवस गेला म्हणे. मग इतकं वाचायला लागला की रात्री १० ला दिवे गेले की कॉरिडॉरच्या उजेडात जमिनीवर बसायचा, गार्डची पावलं वाजली की अंथरुणात. १९५२ ला सुटला तेव्हा भल्याभल्यांशी वाद घालायची त्याची तयारी झालेली होती.

अम्मानं सगळं ऐकून एकच विचारलं, "त्याची आई होती का?"

होती, पण वेड्यांच्या इस्पितळात होती, मी सांगितलं. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

आता पोरगा सुधारला, हिरो झाला असं मी सांगणार नाही, तो अजून तापटच आहे. पण आधी मुलाखतीत मायलेकरांची भांडणंच व्हायची, वकिलाचं काय केलं, पैसे कुठनं आणू. आता तो वहीतले शब्द तिला विचारतो, तिला येत नाहीत, मग दोघं हसतात. आणि पुस्तकाला पैसे घातले तर वकिलाला कुठनं, ही जी घालमेल असते ना, तिच्यासाठी एक सांगते, कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडनं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असू दे. ह्यांनाही मिळाला. पोरानं चार्जशीट वाचून त्या वकिलाला पानभर प्रश्न लिहून दिले, वकील म्हणाले असा क्लायंट पहिल्यांदाच बघतोय.

जामीन अजून झालेला नाही. वाचनानं जामीन होत नाही हे मी अम्माला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. दहावीला बाहेरनं बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायचं चाललंय, शाळेचा दाखला शोधताना अम्मानं घर पालथं घातलं, शेवटी तांदळाच्या डब्याखाली सापडला.

मागच्या आठवड्यात आली ती नवीन तक्रार घेऊन. पोराचं डोकं दुखतंय, लांबचं पुसट दिसतंय, म्हणजे पुस्तकांनीच डोळे गेले. म्हटलं आतल्या डॉक्टरला दाखवायला सांगा. माल्कमलाही तिथंच चष्मा लागला होता, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.