मंगळयानावरचं ते गायवालं व्यंगचित्र खरंच वंशद्वेषी होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की 2014 साली मंगळयानावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलेलं व्यंगचित्र खरोखर वंशद्वेषी होतं, की आपणच उगाच अंगाला लावून घेतलं. सोबत तुमच्या मित्राचं म्हणणंही दिलंय: भारत शेतीप्रधान देश आहे, मग शेतकरी आणि गाय काढली तर बिघडलं काय?

माझ्या मते चित्र वंशद्वेषी होतं. चित्रकाराच्या मनात द्वेष होता, असं मात्र मी म्हणणार नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून असले वाद दरवेळी त्याच खड्ड्यात रुततात. एक बाजू म्हणते, 'तो तसा माणूस नाही हो'. दुसरी म्हणते, 'आम्हाला लागलं ना'. मग चित्राकडे बघायचंच राहून जातं.

म्हणून आधी चित्र बघू. 24 सप्टेंबर 2014 ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. पहिल्याच प्रयत्नात, साधारण 450 कोटी रुपयांत. त्याआधी तिथवर पोचले होते ते सोव्हिएत युनियन, अमेरिका आणि युरोपीय अंतराळ संस्था. आशियातून कोणीच नाही. जपान आणि चीन दोघांचेही प्रयत्न फसले होते. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत, भारताच्या स्वस्तातल्या मोहिमेवरच्या लेखासोबत, सिंगापूरच्या हेंग किम साँग यांचं हे चित्र छापून आलं. एका खोलीत सुटाबुटातले दोन गृहस्थ पेपर वाचत बसलेत. खोलीवर पाटी: 'एलिट स्पेस क्लब'. बाहेर एक फेटेवाला भारतीय शेतकरी गाय घेऊन उभा आहे आणि दार ठोठावतोय.

वाचक भडकले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या पेपरच्या संपादकीय पानाचे प्रमुख अँड्र्यू रोझेंथल यांनी फेसबुकवर खुलासा केला. अंतराळ आता फक्त श्रीमंत पाश्चात्त्य देशांची मक्तेदारी राहिलेली नाही, हे हेंग यांना दाखवायचं होतं. भारताला कमी लेखायचा त्यांचा हेतू नव्हता. चित्रातल्या प्रतिमांमुळे जे वाचक दुखावले त्यांची आम्ही माफी मागतो. असा तो सूर होता.

हा खुलासा मला खोटा वाटत नाही. टोमणा आत बसलेल्या त्या दोघांनाच होता, हे चित्र नीट पाहिलं की कळतं. पण नेम क्लबवर असला तरी बंदूक ठेवली होती आपल्या खांद्यावर. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि माझ्या लेखी तो पुरेसा आहे.

मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकात पानं लावायचं काम केलं. अग्रलेखाच्या पानावर व्यंगचित्राला मिळते दोन-तीन कॉलमची जागा, आणि वाचकाची नजर त्याच्यावर जेमतेम काही क्षण टिकते. तेवढ्यात ओळख पटावी म्हणून चित्रकार ओळखीच्या खुणा वापरतो. गांधीजी म्हटलं की चष्मा आणि काठी, चर्चिल म्हटलं की सिगार. याला कोणाची हरकत नसते, कारण त्या खुणा त्या माणसाच्या स्वतःच्या असतात. पंचाईत होते ती अख्ख्या समाजासाठी एकच खूण वापरली की. ती खूण कुठून तरी आलेली असते, आणि बहुतेक वेळा ती त्या समाजाने स्वतः निवडलेली नसते. भारत म्हणजे फेटा, गाय, गारुडी, हत्ती हा साठा इंग्रजांच्या काळापासून तयार पडलेला आहे. हेंग यांनी हात घातला तो त्या साठ्यात. 2014 च्या त्या आठवड्यातल्या भारताकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही.

बघायला समोर काही नव्हतं असंही नाही. त्याच दिवसांत एक फोटो जगभर फिरत होता: बंगळूरच्या केंद्रात काठापदराच्या साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या इस्रोच्या कर्मचारी महिला एकमेकींना मिठ्या मारतायत, हसतायत. व्यंगचित्रकाराला याहून ताजी, याहून 'भारतीय' प्रतिमा कुठे मिळाली असती? पाश्चात्त्य क्लबच्या दारात गजरा माळलेली बाई उभी केली असती तर टोमणा दुप्पट बसला असता.

आता तुमच्या मित्राचा मुद्दा. शेतकरी काढला यात अपमान नाही, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. त्या वेळी आपल्याकडचा बराच राग 'आम्ही काय खेडवळ आहोत का' या सुरातला होता, आणि तो वाचून मला वाईट वाटलं होतं. ज्याच्या घामावर आपण जेवतो त्याच्याशी आपली तुलना झाली म्हणून चिडायचं? तो राग आपला कोतेपणा आहे, त्यात हेंग यांचा दोष नाही.

पण शेतकरी कुठे उभा केलाय ते बघा. जो मंगळावर पोचलाय तो बाहेर उभा आहे आणि आत येऊ का म्हणून विचारतोय. आतल्यांना खुर्च्या आहेत, सूट आहेत, पेपर आहे. त्याच्याकडे ना यान, ना साधा एखादा कागद. त्याचं सगळं कर्तृत्व पुसून हातात फक्त गाय दिलीये. चित्रातून मंगळयान वजा केलं तरी त्या माणसात काही फरक पडत नाही.

यावर हमखास विचारलं जातं की इस्रोचा बैलगाडीचा फोटो आपणच अभिमानाने दाखवतो ना? हो, मीही दाखवतो. 1981 साली 'ॲपल' हा उपग्रह बैलगाडीवर ठेवून चाचणीसाठी नेला होता, कारण अँटेनाची चाचणी घ्यायला धातूचा अडथळा नको होता आणि लाकडी गाडी त्याला चोख होती. त्या फोटोत बैलगाडीवर उपग्रह आहे! डोक्याने काम करणाऱ्या माणसांनी हाताशी होतं ते कामाला लावलं, हे त्यात दिसतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या चित्रात गाय काहीच करत नाही. ती फक्त 'हा कोण' हे सांगायला आहे.

खांद्यावर बंदूक ठेवायचा हा प्रकार इतरत्रही सापडतो. ऑस्ट्रेलियात बिल लीक यांनी पॅरिस हवामान करारानंतर, डिसेंबर 2015 मध्ये 'द ऑस्ट्रेलियन'मध्ये चित्र काढलं: भारतीय लोक संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेले सौर पॅनेल फोडून खातायत, आणि एकजण त्याला आंब्याची चटणी लावून बघतोय. बचाव असा की टीका उपाशी माणसाला पॅनेल पाठवणाऱ्यांवर आहे. असेलही, पण मूर्ख कोण दिसतं? आणि भारत तेव्हा जगातल्या मोठ्या सौर कार्यक्रमांपैकी एक राबवत होता.

सगळ्यात वाईट उदाहरण 'न्यूयॉर्क पोस्ट'चं. फेब्रुवारी 2009 मध्ये कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डला एका पाळीव चिंपांझीने एका बाईला भयंकर जखमी केलं आणि पोलिसांनी त्याला गोळी घातली. दुसऱ्याच दिवशी ओबामांनी अर्थव्यवस्थेला उभारी देणाऱ्या कायद्यावर सही केली. 18 तारखेला शॉन डिलोनास यांचं चित्र आलं: रक्ताच्या थारोळ्यात चिंपांझी, शेजारी दोन पोलीस, आणि एक म्हणतोय की आता पुढचं विधेयक लिहायला दुसरं कोणीतरी शोधावं लागेल. पेपर म्हणाला, टीका विधेयकाच्या मसुद्यावर आहे. पण ज्या देशात काळ्या माणसाला माकड म्हणून चितारायची कित्येक दशकांची परंपरा आहे, तिथे पहिल्या काळ्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीनंतर दुसऱ्या दिवशी मेलेलं माकड छापायचं, आणि वाचकाला ती परंपरा आठवू नये असं म्हणायचं? शेवटी मालक रूपर्ट मर्डॉक यांना स्वतःच्या नावाने माफी मागावी लागली.

हेच माप आपल्या घरात लावायला जावं तर अवघड जातं, पण लावायला हवं. 2012 साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या शालेय पुस्तकातल्या, व्यंगचित्रकार शंकर यांच्या 1949 च्या चित्रावरून वादळ झालं. त्यात बाबासाहेब संविधान नावाच्या गोगलगायीवर बसलेत, हातात चाबूक आहे, आणि मागे नेहरूंनीही चाबूक उगारलाय. काढताना शंकर यांचा विषय होता संविधानाचा रेंगाळलेला वेग, आणि बाबासाहेबांच्या जातीची एकही खूण त्या रेषांमध्ये नाही. म्हणून मी त्याला वरच्या तीन चित्रांच्या रांगेत बसवणार नाही. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाठीवर चाबूक सोसला, त्यांच्या मुलाला वर्गात ते पान उघडल्यावर फक्त 'वेग' दिसेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली, ते मात्र मला तेव्हाही असह्य झालं होतं आणि आजही होतं. चित्रावर बोला, लिहा, पुस्तक बदलायची मागणी करा. माणसाच्या टेबल-खुर्च्या फोडून कोणता प्रश्न सुटला?

तर 2014 मध्ये आपण हळवे झालो का? नाही. आपण तक्रार केली, पेपरला उत्तर द्यावं लागलं, हे योग्यच झालं. मात्र 'जे दुखावले त्यांची माफी' ही गुळमुळीत माफी झाली. आमची निवड चुकली, असं त्यांनी सरळ म्हणायला हवं होतं.

चित्राला खरं उत्तर मिळालं ते चित्रानेच. फेब्रुवारी 2017 मध्ये इस्रोने एका उड्डाणात 104 उपग्रह सोडले, त्यातले 96 अमेरिकेचे. तेव्हा 'टाइम्स ऑफ इंडिया'त संदीप अध्वर्यू यांनी तोच क्लब, तेच दार पुन्हा काढलं. या वेळी दार ठोठावणारे पाश्चात्त्य बाहेर होते, आणि आत शेतकरी होता, त्याच्या गाईसकट. अध्वर्यूंनी त्याला सूट चढवला नाही की गाय गोठ्यात बांधली नाही. तुमच्या मित्राला ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवा. शेतकरी तोच, गायही तीच, मग पहिल्या चित्राने राग का आला आणि दुसऱ्याने का नाही, हे त्यांना माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा लवकर कळेल.